आबा विसरायला लागलेत की त्यांचं लक्षच उडालंय?

पत्र: ताई, आमचे आबा ७३ वर्षांचे. शाळा चौथीपर्यंत, पुढं चाळीस वर्षं उद्यमनगरात लेथवर काढली. शुगर आहे, दहा-बारा वर्षं मेटफॉर्मिन चालू आहे. आई जाऊन आठ महिने झाले. आधी पहाटे गंगावेशीत दूध प्यायला जायचे, तिथनं तालमीत जाऊन पेपर, मग घरी. आता सगळं बंद, दिवसभर खुर्चीत. काही विचारलं की "मला काय ठावं न्हाई". गोळी घेतली का ते आठवत नाही, एकदा गॅस चालू ठेवला. मागच्या महिन्यात एका शिबिरात स्मरणशक्तीची टेस्ट केली, ३० पैकी १९ आले आणि तिथल्यांनी कागदावर डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) लिहून पुढं प्रश्नचिन्ह काढून दिलं. थोरला भाऊ म्हणतो वय झालं, हे होणारच, आणि घराच्या कागदांवर सह्या आत्ताच घेऊन टाकू. झोप लागत नाही म्हणून एका ठिकाणाहून झोपेची गोळी आणलेली, ती पाच महिने चालूच आहे. आईचा फोटो आम्ही कपाटात ठेवलाय, दिसला की आबा जेवत नाहीत. परवा म्हणाले, "अंबाबाईनं मला बी न्यावं आता." हे डिमेन्शिया की डिप्रेशन? आणि मी करू काय?
– एक मुलगा, शिवाजी पेठ, कोल्हापूर

दादा,

तुमचं पत्र सकाळी वाचलं, दुपारी परत वाचलं. त्यातलं एक वाक्य तुम्ही अगदी शेवटी लिहिलंय, ते मी सगळ्यात आधी घेते. अंबाबाईनं न्यावं हे वाक्य. आपल्याकडं म्हातारी माणसं असं बोलतातच, त्यामुळं घरातले "काय बोलताय आबा, चहा घ्या" म्हणून विषय बदलतात. यावेळी बदलू नका. आज रात्री जेवणं झाल्यावर टीव्ही बंद करा, त्यांच्या शेजारी बसा आणि सरळ विचारा, आबा, जीव नकोसा झालाय का, स्वतःचं काही बरंवाईट करून घ्यावं असं मनात येतं का. असं विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात येत नाही, यावर बरेच अभ्यास झालेत, उलट बरीच माणसं विचारल्यावर मोकळी होतात. देवानं न्यावं म्हणणं वेगळं आणि आपणच जावं म्हणणं वेगळं, पण विचारल्याशिवाय आपल्याला त्यातलं कुठलं आहे ते कळत नाही. हो म्हणाले, किंवा नुसते गप्प बसून डोळे भरून आले, तरी त्यांना एकटं ठेवू नका, झोपेच्या गोळ्यांची पट्टी आणि घरात कुठलं फवारणीचं औषध असेल तर ते कुलपात टाका आणि त्याच दिवशी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं न्या. रात्रीची वेळ असली तर १४४१६ लावा, टेली-मानसचा नंबर आहे तो, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

आता तुमचा प्रश्न. हे की ते असं तुम्ही विचारलंय आणि मला कळतंय की तुम्हाला एक नाव पाहिजे, नाव मिळालं की माणसाला थोडं बरं वाटतं. पण पत्रावरून ते नाव मी देणार नाही, आणि त्या शिबिरातल्या कागदानं पण द्यायला नको होतं. मी गेली वीसेक वर्षं म्हाताऱ्या माणसांच्या स्मरणशक्तीच्या टेस्ट घेते, त्यामुळं त्या १९ मार्कांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण त्या एका आकड्यावरून तुमच्या घरात कागदांवरच्या सह्यांपर्यंत बोलणं गेलेलं दिसतंय.

ही ३० मार्कांची टेस्ट बहुतेक तीच असणार जी १९७५ साली अमेरिकेत तयार झाली. तारीख सांगा, तीन शब्द लक्षात ठेवा, शंभरातून सात-सात वजा करत जा, एक वाक्य लिहा, हे चित्र बघून काढा. चाळणी म्हणून चांगली आहे, मी पण वापरते. पण शिक्षण कमी असलं की त्यात मार्क कमी येतात हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून तर नव्वदच्या दशकात हरियाणातल्या बल्लभगढजवळच्या खेड्यांत हिंदीत वेगळी टेस्ट बसवली, न शिकलेल्या माणसांना पण देता येईल अशी. चौथी शिकलेल्या माणसाचे १९ आणि बँकेतून रिटायर झालेल्या माणसाचे १९ हे एक नव्हेत. दुसरं म्हणजे आबांनी चाळीस वर्षं लेथच्या आवाजात काढलीत, त्यांचे कान कसे आहेत? पत्रात तुम्ही लिहिलं नाही. टीव्ही मोठा लावतात का, नातवंडांचं बोलणं कळत नाही म्हणून नुसती मान हलवतात का? शिबिराचा हॉल, वर पंखे गरगरतायत, शंभर माणसं बोलतायत आणि समोरचा पोरगा पटापटा तीन शब्द सांगतोय, जे ऐकूच आलं नाही ते पाच मिनिटांनी आठवणार कुठनं? आणि तिसरं, आदल्या रात्री झोपेची गोळी घेतलेला, आठ महिन्यांपूर्वी बायको गेलेला माणूस आहे हा, त्याला शंभरातून सात वजा करायची इच्छा तरी असेल का?

मग काहीच नाही का, तर असंही नाही. गॅस चालू राहिला ही गोष्ट मी हलकी घेत नाही. फक्त विसरणं कुठल्या जातीचं आहे ते बघायला पाहिजे. टेस्ट घेताना मला साधारण असं दिसतं की डिप्रेशनमधला माणूस प्रयत्नच करत नाही, माहीत नाही म्हणतो, मला काय येतंय म्हणतो, आपलं डोकं गेलं असं स्वतःच सांगतो, आणि थोडं थांबून, खूण देऊन विचारलं की बरंच निघतं आतून. डिमेन्शियातला माणूस पुष्कळदा उत्तर देतो पण ते चुकीचं असतं, चूक झाकतो, "आजकाल तारखा कोण बघतंय" म्हणतो, खूण देऊनही आठवत नाही, आणि तक्रार तो करत नाही, घरचे करतात. डिप्रेशनमध्ये सुरुवात साधारण सांगता येते, अमुक झालं आणि दोन-तीन महिन्यांत बदलले. डिमेन्शियाची सुरुवात विचारली की घरात चौघं चार वेळा सांगतात. तुमच्या आबांचं "ठावं न्हाई" आणि आई गेल्यापासूनची सुरुवात बघितली तर पारडं डिप्रेशनकडं झुकतंय असं मला वाटतं. पण हे पारडंच आहे, निकाल नव्हे. आई असताना आबांच्या गोळ्या कोण द्यायचं, पैशाचा हिशोब कोण बघायचं, सण-वार कोण आठवण करून द्यायचं? पुष्कळ घरांत बायको नवऱ्याचं विसरणं वर्षानुवर्षं झाकत असते, तिला स्वतःला पण कळत नाही, आणि ती गेली की ते एकदम उघडं पडतं आणि सगळे म्हणतात दुःखानं झालं. तर भावाला, आत्याला, तालमीतल्या जुन्या दोस्ताला नीट विचारा, आई जायच्या आधीची दोन वर्षं आबा कसे होते. तोच प्रश्न परत परत विचारायचे का, ओळखीच्या रस्त्यावर चुकले का, पैसे देताना गोंधळले का. ही माहिती त्या १९ मार्कांपेक्षा डॉक्टरला जास्त उपयोगी पडेल.

हे मी इतकं का सांगते तर माझ्या मावशीच्या बाबतीत आमची उलटी चूक झाली. काका गेले आणि मावशी गप्प झाली, आम्ही सगळे म्हणालो दुःख आहे, वेळ जाऊ दे. आमटीत दोनदा मीठ पडायला लागलं तरी दुःख, महाद्वार रोडवरून घरी यायची वाट चुकली तरी दुःख. दोन वर्षं गेली त्यात. मी याच कामात असून मला दिसलं नाही, कारण आपल्या माणसाकडं बघताना आपण टेस्ट घेत नसतो. म्हणून कुठल्याच बाजूनं घाई नको, आणि थांबून पण राहू नका.

भावाला एक सांगा. वय झालं म्हणून होणारच हे खरं नाही. आपल्या देशात साठीच्या पुढच्या लोकांचा मोठा अभ्यास झालाय, २०२३ साली त्याचे आकडे आले, त्यात डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के निघालं. देशभरात ती माणसं ८८ लाखांच्या घरात जातात म्हणून आकडा मोठा वाटतो आणि काळजी करण्यासारखा आहेच, पण शंभरातल्या बाकीच्या ब्याण्णव-त्र्याण्णव जणांना साठी उलटूनही डिमेन्शिया नसतो. तेव्हा ७३ वय हे काही कारण नव्हे, कारण शोधायचं असतं.

आता शोधायचं कसं. एक पिशवी घ्या आणि घरातली आबांची एकूण एक गोळी त्यात टाका, शुगरची, बीपीची असेल तर ती, सर्दीची, लघवीची, मेडिकलमधनं आणलेली, शेजाऱ्यानं दिलेली. ती पिशवी घेऊन आधी तुमच्या नेहमीच्या फिजिशियनकडं जा. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की काही लोकांत बी-१२ कमी होतं, आणि ते कमी झालं की स्मरणशक्ती आणि मूड दोन्हीवर येतं. थायरॉईड मंदावला तरी तसंच. रक्तातलं सोडियम कमी झालं की म्हातारी माणसं गोंधळतात. सर्दीच्या आणि लघवीच्या काही गोळ्या मेंदू मंद करतात. शुगर खूप खाली जात असेल तरी माणूस हरवल्यासारखा वागतो. आणि झोपेची गोळी, दादा, ती पाच महिने चालू आहे हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. दहा-पंधरा दिवसांसाठी दिलेली गोळी कुणी बंद करायला सांगत नाही आणि मग ती घरातल्या मिठासारखी होते. या गोळ्यांनी दिवसा गुंगी येते, लक्षात राहत नाही, रात्री बाथरूमला उठताना तोल जाऊन खुब्याचं हाड मोडतं. पण हां, हे वाचून उद्या एकदम बंद करू नका, एकदम थांबवल्यानं त्रास होतो, कधी फिट येते, ती डॉक्टरांच्या सांगण्यानं हळूहळूच कमी करायची. मधल्या काळात कधी पडले, डोकं आपटलं असं झालंय का ते पण आठवा, म्हाताऱ्या माणसांत छोट्या माराने पण डोक्यात हळूहळू रक्त साठतं आणि महिन्याभरानं माणूस बदललेला दिसतो. आणि कानांची तपासणी, ती विसरू नका.

त्यानंतर मानसोपचार. आपल्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात हा विभाग आहे, खाजगी डॉक्टर पण शहरात आहेत, जिथं जमेल तिथं जा. तिथं नेताना "तुमचं डोकं तपासायला जायचंय" म्हणू नका. झोप लागत नाही हे आबा स्वतः कबूल करतात ना, मग झोपेसाठी जाऊ म्हणा, ते खोटं पण नाही. त्या पिढीचा माणूस, त्यात तालमीतला, मी उदास आहे असं म्हणायचाच नाही. तो म्हणणार अंग मोडून येतंय, छातीत धडधडतंय, तोंडाला चव नाही, पोट साफ नाही. म्हाताऱ्या माणसांचं डिप्रेशन पुष्कळदा अंगातनंच बोलतं. त्यांना पंधरा साधे प्रश्न विचारतील, हो किंवा नाही एवढंच उत्तर द्यायचं, आयुष्य रिकामं वाटतं का, पूर्वीच्या गोष्टी सोडून दिल्यात का, अशा धर्तीचे. ही प्रश्नावली मुद्दाम वयस्कर लोकांसाठी बनवलेली आहे, तिच्यात भूक आणि झोपेवर भर नाही, कारण म्हातारपणी भूक-झोप तशीही बदलते.

डिप्रेशन निघालं तर गोळ्यांना घाबरू नका, पण चार दिवसांत फरक मागू नका. चार-सहा आठवडे लागतात, या वयात कधी थोडं जास्तच. डोस थोडा ठेवून हळूहळू वाढवतात आणि मधे सोडियम बघतात. गोळ्यांशिवायचं पण खूप काही आहे आणि ते आपल्या जवळच सिद्ध झालंय. गोव्यात साठीच्या वरच्या १८१ लोकांवर एक अभ्यास झाला, २०१९ मध्ये छापून आला. डिप्रेशनच्या उंबऱ्यावर असलेले लोक होते ते, पूर्ण आजारी नव्हते. त्यातल्या अर्ध्यांकडं साधी प्रशिक्षण घेतलेली माणसं जायची, डॉक्टर नव्हेत हां, आणि अडचण काय आहे ती एकेक करून कशी सोडवायची, झोप कशी सुधारायची, शुगर-बीपीकडं कसं बघायचं, सरकारी योजना कुठली मिळेल एवढंच बोलायची. वर्षभरानं त्या गटात साधारण ४.४ टक्के लोकांना मोठं डिप्रेशन आलं आणि दुसऱ्या गटात १४.४ टक्के. मला हा अभ्यास फार आवडतो, कारण त्यात मोठी मशीन नाही, महाग औषध नाही, कुणीतरी ठरलेल्या दिवशी घरी येऊन बसतंय एवढंच आहे. तुमच्या घरी हे काम कोण करू शकेल त्याचा विचार करा. आबांना एकदम रंकाळ्याला चार फेऱ्या मारायला लावू नका, ते होणार नाही आणि मग सगळे चिडणार. तालमीतला एक दोस्त मंगळवारी आणि शुक्रवारी पहाटे दारात येऊन उभा राहू दे, "चला, दूध" एवढंच म्हणू दे. पहिले चार वेळा नाही म्हणतील. पाचव्यांदा जातील, न पिता परत आले तरी चालतंय.

आता संशोधनातला जो भाग लोक अर्धवट ऐकतात तो. डिप्रेशनमुळं डिमेन्शिया होतो असं तुम्ही कुठं ना कुठं वाचलं असेल. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीनं २०२४ मध्ये डिमेन्शियाचे १४ टाळता येण्यासारखे धोके सांगितलेत, त्यात डिप्रेशन आहे, शिवाय कमी ऐकू येणं, मधुमेह, माणसांपासून तुटणं आणि लहानपणी शिक्षण कमी मिळणं हे पण आहे. म्हणजे कमी ऐकू येणं पण मोजलं तर पाच गोष्टी तुमच्या पत्रातच सापडतात. हे सगळे १४ काढून टाकता आले तर जगातला सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळेल किंवा लांबेल असा त्यांचा अंदाज आहे, अर्थात हा सगळ्या लोकसंख्येचा हिशोब झाला, एकट्या आबांचा नव्हे. पण डिप्रेशनचं कोडं यापेक्षा गुंतागुंतीचं आहे. लंडनच्या सरकारी नोकरांचा एक अभ्यास आहे, दहा हजारांवर माणसं, २८ वर्षं पाठपुरावा, २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ज्यांना पुढं डिमेन्शिया झाला त्यांच्यात अगदी सुरुवातीला, मध्यमवयात, उदासी जास्त नव्हती. निदानाच्या साधारण दहा-अकरा वर्षं आधीपासून ती वाढायला लागली. म्हणजे काही माणसांत म्हातारपणी पहिल्यांदाच आलेली उदासी हे डिमेन्शियाचं कारण नसतं, ती त्याचीच पहिली चाहूल असते. आणि १९९३ चा एक छोटा अमेरिकन अभ्यास आहे, डिप्रेशन असलेल्या ५७ वृद्धांचा. त्यातल्या काहींची स्मरणशक्ती पण ढासळलेली होती आणि उपचारानंतर ती सुधारली, घरच्यांना वाटलं सुटलो. पण पुढच्या तीनेक वर्षांत त्यांच्यातल्या ४३ टक्के लोकांना खरा डिमेन्शिया झाला, नुसतं डिप्रेशन असलेल्यांत तेच प्रमाण १२ टक्के.

हे घाबरवायला सांगत नाही. आबा तीन महिन्यांत सुधारले, परत तालमीत जायला लागले, तर आनंदानं पेढे वाटा, पण सहा महिन्यांनी आणि मग दर वर्षी तीच टेस्ट परत करा, शक्यतो त्याच माणसाकडून, शांत खोलीत, कानाला मशीन लागलं असेल तर ते घालून. एकदा घेतलेला आकडा फार काही सांगत नाही, आकडा कुठं सरकतोय ते सांगतं. आणि उदासी गेली पण विसरणं तसंच राहिलं किंवा वाढलं, तर न्यूरॉलॉजिस्टकडं जाऊन मेंदूचा स्कॅन आणि पुढचं सगळं करा. तेव्हा डिमेन्शिया निघाला तर त्याच्या गोळ्या वेगळ्या, त्या आजार थांबवत नाहीत, काही लोकांत काही काळ थोडा हात देतात. आणि एकदा डिमेन्शिया पक्का झाला की त्यातल्या उदासीवर डिप्रेशनच्या गोळ्या तितक्या चालत नाहीत, इंग्लंडमध्ये ३२६ लोकांवर दोन औषधं तपासली, २०११ मध्ये निकाल आला, औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा फार फरक पडला नाही. म्हणून तर मी म्हणते की आत्ता, जेव्हा उपचार लागू पडायची चांगली शक्यता आहे, तेव्हा वेळ घालवू नका.

सह्यांचं. आत्ता घेऊ नका. जो माणूस आज म्हणतोय मला न्या, तो कुठल्याही कागदावर सही करेल, आणि उद्या बरा झाल्यावर ते त्याला आठवलं तर तुम्हा दोघा भावांकडं तो कसा बघेल याचा विचार करा. डिमेन्शिया आहे म्हणून माणसाचा सही करायचा हक्क आपोआप जात नाही आणि डिप्रेशन आहे म्हणून घाईनं उरकायचं पण काही कारण नाही. उपचार सुरू होऊन मन थाऱ्यावर आलं की आबांनाच विचारा त्यांना काय करायचंय, तेव्हा डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणि वकील सोबत घ्या. थोरल्या भावाला हे पटत नसेल तर त्याला फिजिशियनकडं जाताना बरोबर न्या, पिशवी त्याच्याच हातात द्या. बहुतेक वेळा लांबून बोलणारा माणूस एकदा डॉक्टरसमोर बसला की बदलतो.

गॅसला बंद करायचा कॉक संध्याकाळी वहिनींनी फिरवावा, गोळ्यांसाठी सोमवार ते रविवार खणांचा डबा आणा, मेडिकलमध्ये मिळतो. पण चहा आबांना करू द्या, कुणीतरी जवळ उभं राहून. सगळीच कामं काढून घेतली की माणूस खुर्चीतच राहतो. नातवाची सायकल बिघडली तर आबांकडं द्या. हात चांगले चालले तर लगेच डिमेन्शिया नाही असा अर्थ काढू नका, हाताची सवय त्या आजारात पण बराच काळ टिकते. पण त्यांना बरं वाटेल एवढं नक्की.

राहिला फोटो. तुम्ही तो प्रेमानंच ठेवलात कपाटात, मला त्यात शंका नाही. पण आबांनी काय बघितलं असेल, आठ महिन्यांपूर्वी बायको गेली आणि मग घरातून तिचा चेहरा पण गेला, आणि तिचं नाव कुणी काढत नाही. जेवत नाहीत तर एक दिवस नाही जेवले, शेजारी बसा, आई कुठल्या गोष्टीवरून त्यांच्यावर रागवायची ते विचारा. रडले तर रडू द्या. फोटो बाहेर काढा, पुसा, आणि भिंतीला कुठं खिळा मारायचा ते आबांनाच दाखवू द्या.